कौल आणि त्याचा अर्थ : गोव्याचे १९६७ चे जनमत



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातील मुलांना शब्दाचा नेमका अर्थ लावण्याची सवय लावली. तेव्हा आजच्या विवेचनासाठी मी एक शब्दच घेतो : कौल.

हा शब्द मूळचा अरबी. कौल म्हणजे बोल, वचन. ओसाड पडलेले गाव पुन्हा वसविताना मराठेशाहीत रयतेला कौल दिला जाई. तो अभयाचा आणि सवलतीचा लेख असे. कोकणात व गोव्यात हाच शब्द देवळात गेला. मूर्तीला फुले वा पाकळ्या लावून देवाला प्रश्न विचारावयाचा आणि कोणत्या बाजूची पाकळी पडते यावरून उत्तर जाणावयाचे. म्हणजे या एका शब्दात दोन कल्पना आहेत : पाळावयाचे वचन आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या मतदानाला मराठीत ‘जनमत कौल’ म्हणतात. त्या मतदानाच्या अर्थाविषयी झालेला वाद या दोन्ही कल्पनांच्या प्रकाशात पाहण्यासारखा आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरण हेच ध्येय मानणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विधानसभेतील हे बहुमत म्हणजेच विलीनीकरणाचा कौल, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा यांना हे मान्य नव्हते. आमदार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे भवितव्य ठरविणे वेगळे. तो प्रश्न थेट लोकांनाच विचारा, अशी मागणी त्यांनी लावून धरली. अखेर संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले.

मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते. ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि ‘दोन पाने’ म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणे. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे. आकडा निर्विवाद होता. विवाद सुरू झाला तो त्याच्या अर्थाचा.

पहिला अर्थ असा लावला गेला की, हा कोकणीने मराठीचा केलेला पराभव आहे. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद प्रचारात होताच. परंतु विलीनीकरणाविरुद्धची एक मोठी आघाडी मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने लढविली, हे विसरता येणार नाही. त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठीत होते. महाराष्ट्रात जाऊ नका, हे गोमंतकीयांना मराठीतून सांगितले जात होते आणि ते मराठीतून वाचून लोक मत बनवीत होते. मग त्या मताला मराठीचा धिक्कार कसे म्हणावे?

दुसरा अर्थ धर्माचा. ख्रिस्ती समाजाने विलीनीकरण हाणून पाडले, असे पुष्कळ वर्षे बोलले गेले. त्या काळी गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून कमी होती. दोन पानांना मिळालेली मते चौपन्न टक्क्यांच्या घरात होती. हिंदूंच्या मतांवाचून ही बेरीज जुळत नाही. नोकऱ्यांची काळजी, महाराष्ट्रातील दारूबंदी, बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांविषयीची नाराजी अशी अनेक कारणे त्या मतांमागे होती. आणि फुलाच्या बाजूलाही केवळ भाषाप्रेम नव्हते. जमीनदारांच्या वर्चस्वातून सुटका होईल, ही बहुजन समाजाची आशा त्यात होती.

तिसरा अर्थ पुढे रूढ झाला : गोव्याने स्वतंत्र राज्य मागितले. वस्तुतः तो पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. घटक राज्याचा दर्जा ३० मे १९८७ रोजी मिळाला, तोही राजभाषेच्या निराळ्या आंदोलनानंतर. १९६७ च्या कौलाने त्याची वाट मोकळी ठेवली एवढेच म्हणता येते.

सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच घडली. मार्च १९६७ च्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांच्याच पक्षाला पुन्हा सत्ता दिली. लोकांची मती फिरली होती काय? मुळीच नाही. दोन वेळा दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि लोकांनी दोन्हींची उत्तरे दिली. विलीनीकरण नको, पण कारभार भाऊसाहेबांनी पाहावा, यात विसंगती नाही. बांदोडकर १९७३ मध्ये निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. ज्या कौलात ते हरले, तो त्यांच्या राजवटीतही पाळला गेला.

असे वाद आपल्याकडेच होतात असे नाही. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. सोडावयाचे, एवढे ठरले; परंतु सामाईक बाजारपेठेतून बाहेर पडावयाचे की नाही, आयर्लंडच्या सीमेचे काय, याविषयी मतपत्रिका मौन होती. जो तो आपला अर्थ ‘जनतेची इच्छा’ म्हणून सांगू लागला, आणि प्रत्यक्ष बाहेर पडण्यास ३१ जानेवारी २०२० उजाडले. गोव्यात निदान नकाराचा अर्थ ठाऊक होता : आहे तसे राहणे. अज्ञात वाटेला दिलेला होकार अधिक भांडणे निर्माण करतो.

या विषयात आपण बुऱ्हाणपूरकर तटस्थ नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; निमाड जिल्हा, आणि त्यासोबत बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेशात राहिले. आपल्याला ना फूल दाखविले गेले, ना दोन पाने. तरी तापीकाठच्या घराघरांतून मराठी नांदली, हिंदी आणि उर्दूच्या शेजारी नांदली. राज्याची सीमा रावेरच्या अलीकडे थांबली; भाषा थांबली नाही. म्हणून महाराष्ट्राबाहेर राहणे म्हणजे मराठीशी वैर, हे समीकरण आपल्या अनुभवाला तरी पटणारे नाही. ते समीकरण गोव्यात दोन्ही बाजूंनी खरे मानले, आणि ज्या दोन भाषा एका घरात सुखाने वावरत होत्या त्यांच्यात दीर्घकाळ दुरावा आला. मतदानाने जेवढे दुखावले नाही, तेवढे त्याच्या अर्थाने दुखावले.

तात्पर्य एवढेच. कौल लावताना प्रश्न नेमका असावा. मिळालेले उत्तर वचनासारखे पाळावे. परंतु जे विचारलेच नाही, त्याचे उत्तर त्या कौलातून काढू नये. आणि हरलेल्या १,३८,१७० जणांना परके मानू नये, कारण दुसऱ्या दिवशी राज्य त्यांचेही असते. शब्दाला त्याच्या अर्थापेक्षा अधिक बोलावयास लावू नये, हा धडा आपल्याला याच शाळेत मिळाला आहे. तो लोकमतालाही लागू करावा.