झडती, जप्ती आणि नागरिकाचे स्वातंत्र्य

राजकीय कार्यकर्त्याच्या घरी पहाटे पोलिसांचे पथक येऊन थडकले, कपाटे उपसली गेली, पुस्तके, वह्या, संगणक व मोबाइल यांच्या याद्या होऊन ते सारे मोहोरबंद झाले आणि दुपारपर्यंत ही वार्ता सर्वतोमुखी झाली, म्हणजे आपल्या समाजात दोन मते एकदम उठतात. पोलिस गेले त्या अर्थी तेथे काहीतरी असलेच पाहिजे, असे एक मत. आणि हा केवळ जुलूम असून कायद्यात अशा कृत्याला थाराच नाही, असे दुसरे. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर भरलेली एल्गार परिषद, दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे उसळलेला हिंसाचार आणि त्यापुढे एप्रिल, जून व ऑगस्ट २०१८ मध्ये निरनिराळ्या शहरांत झालेल्या झडत्या व अटका, यांमुळे ही दोन्ही मते महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. त्या प्रकरणातील आरोपींच्या दोषादोषाचा निवाडा न्यायालयानेच करावयाचा आहे. परंतु झडती म्हणजे काय, ती केव्हा घेता येते, तिच्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, यासंबंधी सुशिक्षितांमध्येही जे भ्रम रूढ आहेत, ते दूर करण्यास निकालापर्यंत थांबण्याचे प्रयोजन नाही.

सर्वांत दृढ गैरसमज असा की, न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट हाती असल्याखेरीज पोलिसाला नागरिकाचा उंबरठा ओलांडता येत नाही. वॉरंट हा झडतीचा एक मार्ग आहे खरा. परंतु १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १६५ वे कलम त्याच क्रमांकाने १९७३ च्या संहितेत आले आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १८५ वे कलम होऊन राहिले, आणि या कलमान्वये तपासास आवश्यक अशी वस्तू अमुक ठिकाणी आहे व ती अन्य रीतीने विनाविलंब हाती येणार नाही, असे मानण्यास वाजवी कारण असेल तर तपासी अंमलदार वॉरंटावाचून झडती घेऊ शकतो. ही सत्ता मात्र निरंकुश नाही. आपल्या समजुतीची कारणे व शोधावयाची वस्तू त्याने झडतीपूर्वी लेखी नोंदविली पाहिजे. त्या नोंदीची प्रत तात्काळ, आणि नव्या संहितेप्रमाणे फार तर ४८ तासांत, जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. आणि ज्याच्या घराची झडती झाली त्याने अर्ज केल्यास दंडाधिकाऱ्याने ती प्रत त्यास विनामूल्य दिली पाहिजे. ही शेवटची तरतूद मला फार मोलाची वाटते, आणि तिचा उपयोग करणारे इतके थोडे आढळतात याचा खेदही वाटतो. दारात उभ्या राहिलेल्या पथकाशी वाद घालून काहीच निष्पन्न होत नाही. परंतु आठवडाभराने केलेला एक साधा अर्ज सरकारी दप्तरातील कारणे उजेडात आणू शकतो.

घर हे अभंग असून राज्यघटनेत त्याच्या रक्षणार्थ स्वतंत्र अनुच्छेद आहे, ही समजूतही तितकीच निराधार आहे. अमेरिकेच्या घटनेत चौथ्या दुरुस्तीने अवाजवी झडती व जप्ती यांविरुद्ध हमी दिलेली आहे. तशी तरतूद आपल्याकडे नाही. ती का नाही, याचा इतिहास मराठी वाचकाने अवश्य जाणावा असा आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मूलभूत हक्कांची चर्चा चालू असता, मध्यप्रांत व वऱ्हाडातून आलेले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारी उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. या तरतुदीत नवे असे काही नाही, ती फौजदारी संहितेत आहेच, हे मान्य करूनही त्यांचे म्हणणे असे होते की, अशी संरक्षणे विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे इष्ट होय. म्हणजे साध्या बहुमताने उद्या कोणी ती काढून टाकू नयेत, हा त्यांचा हेतू होता. तथापि सभागृहात मतभेद झाले, निर्णय लांबणीवर पडला आणि अखेरीस उपसूचना नामंजूर झाली. मसुदा समितीचा अध्यक्ष ज्या तरतुदीस अनुकूल होता ती तरतूद घटनेत येऊ शकली नाही, या एका घटनेचे परिणाम पुढे अनेक दशके भोगावे लागले.

कारण १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी नेमका हाच मुद्दा पुढे केला: घटनाकारांनी अमेरिकेसारखी हमी दिलेली नाही, तेव्हा ती ताणून वाचण्याचे आम्हांस कारण नाही. १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात थोडा प्रकाश दिसला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या एका इसमाच्या घरी पोलिस रात्री-अपरात्री जाऊन दार ठोठावीत आणि त्यास उठवीत. उत्तर प्रदेशाच्या पोलिस नियमावलीतील तो नियम न्यायालयाने रद्द केला, परंतु खाजगीपणाचा हक्क घटनेत आहे हे मान्य करण्यास बहुमत तयार झाले नाही. तो हक्क नऊ न्यायाधीशांनी एकमताने मान्य केला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, आणि त्याच वेळी १९५४ व १९६२ च्या निकालांतील विरोधी भाग रद्द ठरविला. यावरून कोणी असे समजू नये की, त्या दिवसापासून झडती घटनाबाह्य झाली. झडतीला कायद्याचा आधार, उचित प्रयोजन आणि प्रयोजनाशी प्रमाणबद्धता असली पाहिजे, एवढेच त्यातून निष्पन्न होते; आणि ही कसोटी प्रत्येक प्रकरणी कोणीतरी न्यायालयात जाऊन लावून घ्यावी लागते.

घरात जे सापडले त्यावरून घरधन्याचा हेतू सिद्ध झाला, हा गैरसमज तर लोकमान्यांच्या काळापासून चालत आला आहे. जून १९०८ मध्ये टिळकांना अटक झाल्यावर पुण्यातील त्यांच्या घराची झडती झाली आणि तीत एक पोस्टकार्ड सापडले, ज्यावर स्फोटक द्रव्यांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. स्फोटक पदार्थांच्या कायद्यातील व्याख्येवर लिहावयाचे असल्याने आपण ती नावे टिपून ठेविली होती, असा टिळकांचा साधा खुलासा होता. खटला ‘केसरी’तील लेखांचा, परंतु ते कार्ड पुरावा म्हणून ज्यूरीपुढे आले, आणि २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावण्यात आली. संपादकाच्या मेजावर पुस्तकांची यादी असणे यात अस्वाभाविक ते काय? पण संशयाच्या दृष्टीला ती यादी पुरेशी होते.

एकशे अकरा वर्षांनी हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात निराळ्या रूपाने उभा राहिला, आणि येथे एक गैरसमज दुसऱ्या बाजूनेही पसरला. ऑगस्ट २०१९ मध्ये एल्गार प्रकरणातील आरोपी व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामीन अर्जावर सुनावणी चालू असता, टॉल्स्टॉयचे ‘वॉर अँड पीस’ घरी का ठेवले, असे न्यायमूर्तींनी विचारल्याची बातमी जगभर गेली आणि आपल्या न्यायालयाची पुष्कळ नाचक्की झाली. वस्तुतः पंचनाम्यातील नोंद ‘वॉर अँड पीस इन जंगलमहाल’ या विश्वजित रॉय यांनी संपादित केलेल्या अगदी वेगळ्या पुस्तकाची होती, आणि न्या. सारंग कोतवाल यांनी दुसऱ्याच दिवशी तसे स्पष्ट केले. नागरी स्वातंत्र्याची कळकळ बाळगणाऱ्यांनी तरी ही दुरुस्ती मूळ बातमीइतक्याच तत्परतेने सांगावयास हवी होती. शिवाय खरा प्रश्न टॉल्स्टॉयचा नव्हताच. पुस्तक टॉल्स्टॉयचे नसून खरोखरच आक्षेपार्ह असते तर काय, हा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी गोन्साल्विस व त्यांचे सहआरोपी अरुण फरेरा यांना जामीन देताना दिले. हिंसेची प्रेरणा देणारे वा तिचा प्रचार करणारे साहित्य असले तरी ते केवळ जवळ बाळगणे हा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियमाच्या, म्हणजे यूएपीएच्या, चौथ्या व सहाव्या प्रकरणांतील गुन्हा होत नाही, असे ते उत्तर आहे. ते मिळेपर्यंत दोघांचीही जवळजवळ पाच वर्षे तुरुंगात गेली होती.

इंग्रजी चित्रपट पाहून वाढलेल्या पिढीचा एक भ्रम असा की, झडती बेकायदा ठरली म्हणजे तीत मिळालेला पुरावा आपोआप बाद होतो. अमेरिकेत बहुतांशी तसे होते. आपल्याकडे होत नाही. १९७३ च्या पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पुरावा संबद्ध असेल तर तो कोणत्या रीतीने मिळविला यावरून अग्राह्य ठरत नाही. आपल्या व्यवस्थेतील ही सर्वांत मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नियम मोडणाऱ्या अंमलदारास नियम मोडूनही हवे ते हाती लागत असेल, तर त्याने नियम पाळावा अशी अपेक्षा कोणत्या बळावर ठेवावी?

म्हणूनच पंचांचे महत्त्व. पंच म्हणजे कागदावर सह्या करणारी दोन माणसे, एवढीच सामान्य कल्पना आहे. कायद्याला अभिप्रेत आहेत ते त्याच परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी. असे कोणी मिळत नसेल किंवा तयार नसेल तरच परिसराबाहेरचे. झडती त्यांच्या समक्ष व्हावयाची, घरधन्यास हजर राहू द्यावयाचे, आणि जप्त वस्तूंच्या यादीची सह्यांसहित प्रत त्याच्या हाती द्यावयाची. ऑगस्ट २०१८ च्या झडत्यांत परप्रांतांतील घरांसाठी पंच पुण्याहूनच नेण्यात आल्याचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बहुमताने तपासात हस्तक्षेप करण्याचे नाकारले, परंतु न्या. चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमतात त्या आक्षेपाची गंभीर दखल घेतली. नव्या संहितेच्या १०५ व्या कलमाने आता संपूर्ण झडतीचे दृक्श्राव्य चित्रण सक्तीचे केले आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, आणि आपल्या घरच्या झडतीचे चित्रण होत आहे की नाही हे विचारण्याचा संकोच कोणी बाळगू नये.

अटकेसंबंधी थोडक्यात. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, अटकेची कारणे सांगणे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाची मदत मिळू देणे, हे अनुच्छेद २२ चे आदेश यूएपीएच्या आरोपीलाही लागू आहेत; त्यास कोणतेच हक्क नसतात, हा समज खोटा आहे. त्याच प्रकरणातील गौतम नवलखा यांना दिल्लीहून पुण्यास नेण्यासाठी मिळविलेला ट्रान्झिट रिमांड दिल्ली उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी रद्द केला, त्या वेळी दंडाधिकाऱ्यापुढे ठेविलेली कागदपत्रे त्यांस न कळणाऱ्या मराठीत होती, ही बाब प्रकर्षाने पुढे आली. न वाचलेल्या कागदांच्या आधारे माणसाच्या स्वातंत्र्याचा निर्णय होऊ शकत नाही. पुढे १५ मे २०२४ रोजी, ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाच्या संपादकांच्या प्रकरणात, अटकेची कारणे लेखी न दिल्यामुळे अटकच बेकायदा ठरली. आणीबाणीत जीविताचा हक्क स्थगित करता येतो, ही सर्वोच्च न्यायालयाची १९७६ ची भयानक शिकवणही आता कालबाह्य आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ संकटकाळातही अबाधित ठेविले आहेत.

परंतु ज्याने काही केले नाही त्यास भय कशाचे, हे वाक्य मी पुष्कळ सज्जनांच्या तोंडून ऐकतो, आणि त्यांच्या सद्‍हेतूविषयी शंका नसूनही त्याचा प्रतिवाद करणे मला कर्तव्य वाटते. यूएपीएच्या कलम ४३ड(५) नुसार आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाकारावयाचा असतो, आणि २०१९ च्या वटाली निकालाने या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननी करण्यास न्यायालयांना जवळजवळ मज्जाव केला. नागपूर विद्यापीठातील इंग्रजीच्या प्राध्यापिका शोमा सेन यांना एल्गार प्रकरणी ६ जून २०१८ रोजी अटक झाली. ५ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला तो दयेने नव्हे; त्यांच्यावरील त्या आरोपांना सकृद्दर्शनीही पुरेसा आधार दिसत नाही, म्हणून ते कलम त्यांच्या आड येत नाही, असे म्हणून दिला. तोवर पावणेसहा वर्षे उलटली होती, आणि सेवानिवृत्तीचे वयही कोठडीतच येऊन गेले होते. हिंसेचा कट खरोखर शिजत असेल तर तो शोधण्यासाठी झडती घेणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, आणि प्रत्येक झडतीस दडपशाही म्हणणारे या कर्तव्याकडे डोळेझाक करतात. पण निर्दोष माणसास काहीच गमवावे लागत नाही असे म्हणणाऱ्यांनी ही पावणेसहा वर्षे कोणाच्या खाती मांडावयाची, तेही सांगावे.

राहता राहिला संगणक व मोबाइल यांचा प्रश्न, जो जुन्या संहितेच्या कर्त्यांच्या स्वप्नातही नव्हता. पासवर्ड सांगावाच लागतो, असे काही समजतात. अनुच्छेद २०(३) नुसार स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसल्याने तो कधीच सांगावा लागत नाही, असे दुसरे समजतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसा आदेश देता येईल असे म्हटले, दिल्लीतील एका विशेष न्यायालयाने त्याउलट मत दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय झालेला नाही. जप्त केलेल्या संगणकातील मजकूर पुढे बदलला गेला नाही हे कशावरून, हा प्रश्न त्याहून अवघड. एल्गार प्रकरणी एका आरोपीच्या संगणकात बाहेरून फायली घुसविल्या गेल्या, असा अहवाल आर्सेनल या अमेरिकी संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला; राष्ट्रीय तपास यंत्रणेला तो मान्य नाही, आणि त्याचा निर्णय साक्षीपुराव्याअंती व्हावयाचा आहे. अशा वादावर शास्त्रीय उपाय उपलब्ध आहे. साठवलेल्या सर्व मजकुरावरून गणिताने काढलेला एक अंक, ज्यास हॅश व्हॅल्यू म्हणतात, जप्तीच्या क्षणीच नोंदविला तर पुढे एक अक्षर बदलले तरी तो अंक जुळत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाने पुरावा न्यायालयात सादर करतानाच्या प्रमाणपत्रात या अंकाला जागा दिली आहे. घरातून वस्तू उचलताना तो पंचनाम्यात लिहिलाच पाहिजे, असे मात्र संहितेत कोठेही म्हटलेले नाही. पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीसंबंधी नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. परंतु न्यायालयाच्या सूचनेने अंमलदार बांधला जातो तो एका मर्यादेपर्यंत. हा अंक पंचनाम्यात यावा आणि त्याची प्रत घरधन्यास त्याच वेळी मिळावी, ही तरतूद संसदेने १०५ व्या कलमातच घातली पाहिजे, आणि ती घातली जाईपर्यंत ज्याच्या घरी पथक येईल त्याने हा अंक लिहून मागावा, नकार मिळाल्यास तो नकारही पंचनाम्यात नोंदवून घ्यावा.