विशेष शिक्षकाची मुलाखत : पदवी झाली, आता तयारी करा

रहिमतपूर : विशेष शिक्षकाची जाहिरात आली की आपल्याकडची बी.एड. झालेली मुलं-मुली आम्हाला विचारतात, "सर, मुलाखतीत काय विचारतात?" म्हणून थोडं सविस्तर.

पहिली गोष्ट, साधं बी.एड. इथे चालत नाही. विशेष शिक्षणातील पदवी किंवा पदविका आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. नोंदणीची मुदत संपली नाही ना, हे आधी बघा.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही आहे. ही म्हणजे मतिमंदत्व नव्हे. मुलाची बुद्धी ठीक असते, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं. हा फरक सोप्या शब्दांत सांगता आला पाहिजे.

मग खरा प्रश्न येतो : "चौथीतला मुलगा भ आणि म मध्ये गोंधळतो, काय कराल?" "दहा वेळा लिहून घेऊ" म्हणालात की संपलं! आधी डोळे-कान तपासून घेऊ, चुकांची नोंद ठेवू, मग एकेक अक्षर बोलत, वाळूत गिरवत शिकवू, उत्तर तोंडी घेऊ, असं सांगा.

इथे आपली दोन भाषांची शिदोरी कामी येते. घरी उर्दू बोलणारं मूल मराठी अडखळत वाचतं, म्हणून लगेच शिक्का मारायचा नाही. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून. मूल फक्त मराठीत अडतं, की उर्दूतही बे-पे-ते चे नुक्ते चुकतं? दोन्हीकडे अडत असेल तर तपासणीला पाठवावं. एकाच भाषेत अडत असेल तर बहुधा सवय कमी आहे. हे मुलाखतीत उदाहरणासह सांगा.

शेवटी तुम्हीही विचारा : एका शिक्षकाकडे किती मुलं? केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला १० आणि त्यापुढे १५ विशेष मुलांमागे एक शिक्षक, असं प्रमाण ठरवलं आहे.

आपल्या मोहल्ल्यात असं मूल 'ढ' ठरतं आणि आठवीनंतर गॅरेजवर जातं. दहावीला अशा मुलांना जादा वेळ मिळतो, हे त्याच्या अब्बांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगणारा शिक्षक आपल्यातून का होऊ नये?