आमचा मेल सर्व्हर सगळ्यांनाच घरचा समजत होता

मागच्या सत्रात एका सोमवारी लॅबमधल्या मेल सर्व्हरची रांग उघडून पाहिली, तर तिथे हजारो मेल पडलेले. एकही आमचा नाही. खरं तर या सर्व्हरचं काम एवढंच, की सिम्युलेशन संपलं की आम्हा पाच-सहा जणांना मेल टाकायचा. दुपारपर्यंत आमचा आयपी ब्लॉकलिस्टवर गेला. विभागाचे बाकीचे मेलही त्याच आयपीवरून बाहेर जातात, त्यामुळे एका ज्युनिअरने संपादकांना पाठवलेला पेपरच्या दुरुस्तीचा मेल परत आला. तिची मुदत मंगळवारची होती. सर्व्हर मीच उभा केलेला, त्यामुळे कोणाला बोलायचीही सोय नव्हती.

गंमत म्हणजे कोणी पासवर्ड फोडला नव्हता. सर्व्हर ‘ओपन रिले’ झाला होता, म्हणजे कोणाचाही मेल कोणालाही पोचवून देत होता.

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचा आरएफसी ८२१ लिहिला, तेव्हा त्यात लॉगिनची सोयच नव्हती. नेटवर्क लहान होतं आणि दुसऱ्याचा मेल पुढे ढकलणं हा शेजारधर्म होता. पुढे स्पॅमवाल्यांनी त्याचा फायदा उठवला. १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीने रिले मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली आणि १९९९ मध्ये एसएमटीपी ऑथचं मानक आलं.

आता सर्व्हरला दोन प्रश्न पडतात. मेल आपल्या डोमेनसाठी आहे का? असेल तर लॉगिनशिवाय घ्यावाच लागतो. (‘पोर्ट २५ वर लॉगिन सक्तीचं करा’ असं बरेच जण सुचवतात. केलंत, तर बाहेरचा एकही मेल तुमच्याकडे येणार नाही.) नसेल, तर पाठवणारा आपला आहे का? हे दोन रीतींनी ठरतं: आयपी पाहून किंवा लॉगिन तपासून.

आम्ही आयपीवर भरवसा ठेवला होता. पोस्टफिक्समध्ये ‘मायनेटवर्क्स’ नावाची यादी असते. तिच्यातल्या पत्त्यांना लॉगिन लागत नाही. त्यात मी अंतर्गत नेटवर्क टाकलं होतं. नंतर पोस्टफिक्स डॉकर कंटेनरमध्ये हलवलं. आमच्या मांडणीत बाहेरून येणारं प्रत्येक कनेक्शन मधल्या प्रॉक्सीतून यायचं, आणि पोस्टफिक्सला दिसायचा तो कंटेनरच्या गेटवेचा आयपी, म्हणजे अंतर्गतच! कॉन्फिगरेशनची एकही ओळ बदलली नव्हती, तरी तिचा अर्थ बदलला होता. लॉगमध्ये सगळीकडे तोच एक पत्ता दिसत होता, आणि तेवढ्यावरूनच मला शंका यायला हवी होती.

चाचणी मी केली होती, पण लॅबमध्ये बसून. तिथून मेल जाणारच की!

आता यादीत फक्त १२७.०.०.१ आहे. बाकी सगळ्यांना, आमच्या स्क्रिप्ट्सनासुद्धा, पोर्ट ५८७ वर टीएलएस सुरू करून लॉगिन करावं लागतं. टीएलएस हवंच, कारण ऑथ प्लेनमध्ये पासवर्ड बेस६४ मध्ये जातो आणि बेस६४ हे कुलूप नाही, नुसतं वेष्टन आहे. पोर्ट २५ वर लॉगिनचा पर्यायच दाखवत नाही. नियमांचा क्रमही तपासा. पूर्वी रिलेचे आणि स्पॅमचे नियम एकाच यादीत असत, आणि वर चुकून एखादी सैल परवानगी लिहिली की खालचा नकार गाठलाच जात नसे. म्हणून पोस्टफिक्स २.१० पासून रिलेची यादी वेगळी केली आहे.

एवढं करूनही ‘टेस्ट’ नावाचं खातं आणि तोच पासवर्ड राहिला, तर सगळं व्यर्थ. अंदाजाने पासवर्ड सापडला की सर्व्हरच्या लेखी तो माणूस आपलाच. म्हणून दर खात्याला तासाची मर्यादा घातली. फेल२बॅन लावायच्या आधी मात्र खरा आयपी दिसतोय ना ते बघा. आमच्या जुन्या मांडणीत त्याने गेटवेलाच बंदी घातली असती आणि आम्ही सगळेच बाहेर राहिलो असतो.

आता दर बदलानंतर बाहेरच्या भाड्याच्या मशीनवरून तपासतो. घरच्या इंटरनेटवर पोर्ट २५ बरेचदा बंद असतं, त्यामुळे तिथून काहीच कळत नाही. लॉगिन न करता परक्या डोमेनचा पत्ता द्यायचा आणि ‘५५४, रिले ॲक्सेस डिनाइड’ येतं का ते पाहायचं. २५० आलं, तर लगेच सेवा थांबवायची. हे अर्थातच स्वतःच्या सर्व्हरवर, दुसऱ्याच्या नाही.

ज्युनिअरने दुरुस्ती शेवटी स्वतःच्या खासगी मेलवरून पाठवली. ब्लॉकलिस्टवरून आमचा आयपी निघायला आणखी काही दिवस गेले.