जन्म इथला, नागरिकत्व कुठले?

पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत चाकणचा औद्योगिक पट्टाही येतो. या पट्ट्यात बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशी नागरिकांवर अधूनमधून कारवाई होते. आई-वडिलांकडे कागद नसतील, तर इथे जन्मलेल्या मुलाचे काय? नियम असे :

■ १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्म : सर्वसाधारणपणे जन्मानेच नागरिक.

■ त्या दिवसापासून २ डिसेंबर २००४ पर्यंत : आई किंवा वडील भारतीय असणे आवश्यक.

■ ३ डिसेंबर २००४ पासून : दोघेही भारतीय हवेत, एकच असेल, तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

■ आधार : वर्षात १८२ दिवसांच्या वास्तव्यावर मिळते, नागरिकत्वाचा पुरावा नाही.

■ शिक्षा : १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा लागू. वैध पासपोर्ट-व्हिसाविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

■ पुराव्याचा भार : ‘मी परकीय नाही’ हे संशयितानेच सिद्ध करायचे.

■ शाळा : शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या ‘प्रत्येक बालका’विषयी बोलतो, केवळ नागरिकाविषयी नाही.

■ जीविताचा हक्क : राज्यघटनेचे कलम २१ ‘व्यक्ती’ला संरक्षण देते, केवळ नागरिकाला नाही. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेच सांगितले.

वाद कुठे? एका बाजूला सुरक्षा आणि बनावट कागदांची चिंता. दुसऱ्या बाजूला पश्चिम बंगालहून आलेला भारतीय मजूर निव्वळ भाषेवरून संशयित ठरण्याची भीती.