अंतराळस्थानकाचे ऊन आणि सावली

रायपूरच्या वाचकास उन्हाची ओळख करून द्यावयास नको. वैशाखात पारा 44 अंशांच्या वर चढला म्हणजे माणसे सावली शोधतात, कूलरमधील वाळा भिजवितात. आणि त्याच वेळी गच्चीवरील सौर पॅनेले उन्हात उभी राहून वीज निर्माण करीत असतात. ह्या पॅनेलांची एक गंमत आहे. त्यांस प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. सिलिकॉनचा सौरघट तापू लागला की दर अंशामागे त्याची वीज सुमारे 0.4 टक्क्याने घटते. घट ज्या सूर्यावर जगतो, त्याच्याच तापाने तो दुबळाही होतो.

पृथ्वीवर ह्या तापावर वाऱ्याचा उतारा आहे. अंतराळात वारा नाही. थर्मासमधील चहा तासन् तास गरम राहतो, कारण त्याच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते. अंतराळस्थानक हे तशाच निर्वातात तरंगत असते. तेथे सूर्यासन्मुख पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 1361 वॅट ऊर्जा येऊन पडते. आत आलेली उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग मात्र एकच, तो म्हणजे प्रारण. म्हणून ‘सूर्याकडे तोंड कसे करावे’ आणि ‘उष्णता कोठे टाकावी’ हे प्रश्न वेगळे वाटले तरी वस्तुतः ते एकच होत.

ह्याची साक्ष ‘स्कायलॅब’ने दिली. 1979 साली हे नाव आपल्या देशात भीतीने उच्चारले जात होते. ते आपल्याच डोक्यावर कोसळणार ह्या कल्पनेने अनेक ठिकाणी घबराट पसरली होती. अखेर 11 जुलै रोजी त्याचे अवशेष हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. परंतु त्या स्थानकावरील खरे संकट सहा वर्षे आधीच येऊन गेले होते.

14 मे 1973 रोजी उड्डाणानंतर मिनिटभरातच स्कायलॅबचे उल्का व ऊन यांपासून रक्षण करणारे कवच उखडले गेले. त्याबरोबर एक सौरपंख तुटून पडला. दुसरा धातूच्या पट्टीत अडकून मिटलेलाच राहिला. दुर्बिणीच्या सांगाड्यावरील चार लहान पंख तेवढे उघडले. सूर्याकडे तोंड केले तर ह्या पंखांना पुरेसा प्रकाश मिळे, परंतु उघड्या भिंती तापून आतील तपमान 52 अंशांपर्यंत जाई. तोंड फिरविले तर ताप उतरे, पण वीज घटे. भूमीवरील नियंत्रकांनी दहा दिवस हे स्थानक कधी थोडे इकडे, कधी थोडे तिकडे असे तिरपे धरून जगविले. 25 मे रोजी कॉनरॅड, कर्विन व वाइट्झ हे तिघे निघाले. त्यांनी एका लहान झरोक्यातून छत्रीसारखे आच्छादन बाहेर काढून पसरले आणि आतील ताप ओसरू लागला. 7 जून रोजी कॉनरॅड व कर्विन यांनी बाहेर जाऊन अडकलेला पंख मोकळा केला. आधी सावली, मग वीज, असा हा क्रम होता.

स्कायलॅब सगळेच्या सगळे सूर्याकडे वळून राहत असे. आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाची रचना निराळी आहे. ते पृथ्वीच्या अनुरोधाने आपली दिशा ठेवते आणि सुमारे 92 मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करते. म्हणून सूर्याचा पाठलाग पंखांनीच करावयाचा. प्रचंड फिरते सांधे त्यांना मिनिटास सुमारे 4 अंश वळवीत असतात. 2007 साली उजव्या बाजूच्या सांध्यात धातूचा कीस आढळला. मग त्याचे फिरणे आवरावे लागले, आणि 2008 च्या नोव्हेंबरात अंतराळवीरांनी सांधा पुसून, वंगण घालून तो पूर्ववत् केला.

पंख सरळ सूर्याकडे धरणे सदैव हिताचेच असते असेही नाही. प्रत्येक पंख चार दांड्यांच्या डोलकाठीवर ताणलेला आहे. काही दांड्या उन्हात आणि उरलेल्या दीर्घकाळ सावलीत राहिल्या, तर असमान आकुंचनाने डोलकाठी मोडण्याचा धोका असतो. म्हणून प्रसंगी थोडी वीज सोडूनही पंखांचा कोन बदलावा लागतो. खोलीतील यंत्रांची व माणसांची उष्णता आधी पाण्यात व मग अमोनियात घेऊन मोठ्या पांढऱ्या विसर्जक-फलकांकडे नेली जाते. हे फलक उन्हात सूर्याकडे केवळ आपली कड करतात. पृथ्वीच्या छायेत शिरताच ते तिच्याकडे तोंड करतात. कारण तेथे भय तापाचे नसून अमोनिया गोठण्याचे असते.

2025 च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला ह्या स्थानकावर पोचले, आणि 2035 पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचा भारताचा संकल्प आहे. त्याच्या आराखड्यात पंखाचा प्रत्येक अंश ठरविताना अभियंत्यांस दोन हिशेब एकाच कागदावर मांडावे लागतील: ह्या कोनात वीज किती मिळेल, आणि उष्णता किती साठेल? गच्चीवरील पॅनेल भर दुपारी हाताला चटका देईल, तेव्हा वाचकांनी ह्या हिशेबाचे स्मरण करावे. आपल्या पॅनेलांवरून वारा तरी वाहतो.