बँकेची परीक्षा, इंग्रजीचा पेपर आणि आपली मराठी

बँक लिपिकाच्या पूर्वपरीक्षेत आमच्या मोहगावची मुले अडतात ती इंग्रजीपाशी. ३० प्रश्न, अवघी २० मिनिटे आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.

मूल घरी मराठी बोलते, शाळेत हिंदीतून शिकते आणि त्या हिंदीतूनच इंग्रजी घोकते. दोनदा भाषांतर करण्यात वेळ जातो. म्हणून आम्ही शिक्षक सांगतो, इंग्रजीचे व्याकरण मराठीतून समजून घ्या. आपण 'मळ्यात' म्हणतो, प्रत्यय शब्दाला मागून जोडतो. इंग्रजीत तेच काम करणारा 'इन' शब्दाच्या आधी येतो. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी, त्यांचे कर्त्यापाठोपाठ. एवढे पक्के झाले की वाक्यातील चूक ओळखणे सोपे जाते. रोज घड्याळ लावून २० मिनिटे सराव करा. उत्तर मुळीच येत नसेल तर प्रश्न सोडून द्या.

गणित व बुद्धिमापनाचे प्रश्न २०२१ च्या केंद्राच्या निर्णयानंतर मराठीतही मिळू लागले, पण महाराष्ट्रातील जागांसाठी. मध्यप्रदेशच्या जागेसाठी हिंदी किंवा इंग्रजीच. १९५६ साली नागपूर पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो, त्याची ही किंमत. पलीकडची जागा हवी तर मराठी येते हे दाखवावे लागते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेत मराठी नसेल तर भाषेची चाचणी.

तेव्हा पालकांनो, इंग्रजीच्या हौसेपायी मुलांचा मराठी विषय सोडवू नका. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, कचेरी जवळ आली. मराठी शिक्षकांच्या मागणीचा अर्ज तेथे आपण सर्वांनी मिळून देऊ या.