बोटांवरच्या गाठी आणि डॉ. हेबर्डन

‘आईच्या बोटांच्या टोकांजवळच्या सांध्यांवर टणक गाठी आल्यात, दुखतातही, पण युरिक ॲसिड नॉर्मल आलं. मग आहे तरी काय?’ असं एका वाचकानं विचारलंय.

तो गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार, नसावा. या गाठींचा गाऊटशी संबंध नाही, हे लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकातच ओळखलं, तेही क्ष-किरणांशिवाय. रुग्णापाशी बसून टिपणं काढायची आणि मग ती पुन्हा पुन्हा चाळायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांच्या मृत्यूनंतर १८०२मध्ये मुलानं ती छापली. त्यात या गाठींच्या वाट्याला जेमतेम काही ओळी आल्या आहेत: लहान वाटाण्याएवढ्या, जन्मभर राहणाऱ्या आणि ज्यांना गाऊट कधी शिवलाही नाही अशांनाही होणाऱ्या. बस्स, एवढ्यावर निकाल! (कांजिण्या आणि देवी वेगळ्या, हेही याच गृहस्थांनी ठासून सांगितलं, नाव मात्र चिकटलं गाठींना.)

एका बाबतीत मात्र ते चुकले. गाठी दिसायला वाईट, पण फारशा दुखत नाहीत, असं त्यांचं मत. ओले कपडे पिळणाऱ्या बाईला त्यांनी विचारायला हवं होतं. या गाठी म्हणजे झिजेचा संधिवात: सांध्यातली कूर्चा झिजते, आतलं अस्तर सुजतं, कडेनं नवं हाड वाढतं. हे घडत असतानाच ठणका जास्त. पुढे तो बऱ्याचदा ओसरतो, गाठ राहते. रजोनिवृत्तीच्या सुमारास बायकांना हा त्रास अधिक होतो, आणि आईला असेल तर मुलीलाही होण्याची शक्यता वाढते. मनगट आणि बोटांच्या मुळाशी सूज असेल, सकाळी तासभर हात आखडत असेल, तर मात्र आमवाताची शंका घ्यावी.

गाठ विरघळवणारं औषध नाही. तांब्याच्या कड्यानंही ती जात नाही. डायक्लोफेनॅकचं जेल, बोटांचे व्यायाम आणि सांध्याला आधार देणारी पट्टी यांनी बऱ्याच जणांचं भागतं. फारच झालं तर शेवटचा सांधा शस्त्रक्रियेनं कायमचा जखडतात: वाकणं जातं, दुखणंही जातं.

२०२३मध्ये आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध या दुखण्यावरही वापरून पाहिल्याची बातमी गाजली. ऑस्ट्रेलियातल्या त्या चाचणीत सांध्यांना सूज असलेले फक्त ९७ जण होते. सहा महिन्यांनी वेदना कमी झाल्या, पण बेतानंच. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रक्ततपासण्या करत. चुकून रोज घेतलं, तर जिवावर बेततं.